आरपीएम शून्य

मी मुकादमाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, पोचले तेव्हा तो स्वतःच्याच गाडीला मारत होता. हातात ट्रॉलीची लोखंडी पिन होती आणि पांढऱ्या बॉनेटवर तो एकामागून एक तडाखे हाणत होता. रंगाचे टवके उडत होते. कोंबड्या पळून तुरीत शिरल्या होत्या. त्याची म्हातारी आई ओट्यावर सुपात मूग निवडत बसली होती. प्रत्येक तडाख्याला तिचे डोळे मिटायचे, बोटं मात्र थांबत नव्हती.

मला बघून तो थांबला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

“आलीस का ताई. हिला इचार काय झालंय तिला. सकाळपासून सेल मारायलो. फिरायलीय, पण धरंना. आज चालू न्हाई झाली तर इथंच पेटवून देतो.”

मी स्कूटी बांधाजवळ लावली आणि डिकीतून स्कॅनर काढला.

बोरीत रस्त्याला लागून माझ्या वडिलांचं गॅरेज आहे. वडील गाड्यांचं वायरिंग करायचे. मी आयटीआय करून त्यांच्याच हाताखाली उभी राहिले. लग्न गावातच झालं, नवरा एसटीत कंडक्टर, त्यामुळे गॅरेज सुटलं नाही. गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले तसे वडील वैतागले. एक दिवस त्यांनी स्कॅनर माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, हे तुझं. पाटीएवढं यंत्र, काळ्या रबराच्या कव्हरात, त्याला जाडजूड केबल आणि केबलच्या टोकाला मुठीएवढा प्लग. तो प्लग स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवला की इंजिन काय करतंय ते पडद्यावर आकड्यांत दिसतं. गावात कुणी त्याला स्कॅनर म्हणत नाही. “ताईला बोलव, मशीन लावायची हाय,” एवढंच.

मुकादम आमचा जुना गिऱ्हाईक. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला तो ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन कारखान्यांवर जायचा. त्याच्या हाताखालच्या माणसांना त्याचा हात चांगला माहीत होता. एकदा आमच्या गॅरेजसमोरच त्यानं एका तोडणीवाल्याच्या कानाखाली अशी मारली होती की त्या माणसाच्या कानातून रक्त आलं. कारण काय, तर तो ट्रकमध्ये झोपला होता. वडिलांनी त्या माणसाला पाणी दिलं आणि मुकादमाला म्हणाले, “हितं न्हाई. माह्या दारात न्हाई.” मुकादम हसला होता.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात, दोनेक महिन्यांपूर्वी, मी या आखाड्यावर एकदा येऊन गेले होते. गाडी अशीच बंद होती. इंजिन किती वेगानं फिरतंय ते कॉम्प्युटरला कळवणारा एक सेन्सर असतो, अंगठ्याएवढा. तो गेला की स्टार्टर कितीही फिरवा, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन उभंच आहे, आणि तो डिझेल सोडतच नाही. मी सेन्सर बदलत होते तेव्हा मुकादमाची बायको चहा घेऊन आली. माझ्यापेक्षा लहान असावी. डाव्या हाताच्या पंजावर भाजल्याचा ताजा डाग होता. ती वाकून बघत राहिली.

“एवढ्याशानं एवढी मोठी गाडी बंद पडती?”

“हां. हे बघ, इथं लॉक हाय. दाबलं की प्लग निघतो. निघाला की संपलं, गाडी जाग्यावर.”

तिनं बोट लावून लॉक दाबून बघितलं. प्लग निघाला. तिला हसू आलं. तेवढ्यात पलीकडून मुकादमाचा कप आला. चहा थंड होता म्हणून त्यानं फेकला होता. तो खांबावर फुटला आणि काचा तिच्या पदरावर पडल्या. तिनं पदर झटकला आणि ती आत गेली. हसू कुठं गेलं ते मला दिसलं नाही.

आता तीच गाडी, आणि बॉनेटवर खड्डेच खड्डे. मी दार उघडून आत बसले. मागच्या सीटवर खताच्या गोणीत काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. गोणीच्या तोंडातून लाकडी मुठी बाहेर आल्या होत्या. कोयते. ऊस तोडायचे. टोळ्या निघायला अजून वेळ होता. आणि टोळीचे कोयते कुणी स्वतःच्या गाडीत सीटवर घेऊन फिरत नाही.

मी प्लग बसवला, स्कॅनर चालू केला. तो दारात उभा राहून माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“सेल मारा,” मी म्हणाले.

त्यानं हात आत घालून चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, सगळी गाडी हलली. पडद्यावर बॅटरीचा आकडा खाली गेला आणि परत वर आला. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा मात्र शून्य. गाडी हादरत होती, इंजिन फिरताना मला पायाखाली कळत होतं, आणि पडदा म्हणत होता शून्य.

“काय दावायलंय?”

“बघते. बॉनेट उघडा.”

बॉनेट मार खाऊन वाकडं झालं होतं, उघडेना. त्यानं पिन फटीत घालून ते उचकटलं. मग त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत शेडाकडं गेला. मी वाकून इंजिनच्या मागच्या बाजूला हात घातला. तो सेन्सर मीच बसवला होता, त्यामुळे बघायची गरज नव्हती. बोटांना मोकळा प्लग लागला. तुटलेला नाही, उंदरानं कुरतडलेला नाही. लॉक दाबून अलगद काढलेला आणि कुणाला दिसू नये म्हणून पाइपामागं सरकवलेला. काळ्या प्लास्टिकवर काहीतरी पांढरं वाळलं होतं. मी नखानं खरवडलं. भाकरीचं पीठ होतं.

मी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. एक डोळा सुजून बंद झाला होता. दुसऱ्यानं ती माझ्याकडं बघत होती.

पलीकडून मुकादमाचा आवाज येत होता. “व्हय व्हय, निघालोच. गाडी नीट झाली की तुमाला दोघांला घेतो अन् सरळ पाथरी. आज बाजार हाय, तो दुकानातच घावतो. समद्या बाजारासमोर मारलं न्हाई त्येनं मला? मंग मी बी बाजारासमोरच. खांद्यातून काढायचा हात.”

पाथरीत तिचा भाऊ चपलांचं दुकान चालवायचा, हे मला माहीत होतं. त्यानं मुकादमाला पाथरीच्या भर बाजारात चपलेनं मारलं, हे साऱ्या बोरीला माहीत होतं. बहिणीचा भाजलेला हात बघून गेल्यानंतर ते झालं होतं.

मी हात पुढे करून म्हणाले, “हात धुवायला पाणी द्या जरा.”

ती तांब्या घेऊन हौदापाशी आली. हातावर पाणी ओतताना तिचं लक्ष शेडाकडं होतं, पाणी माझ्या पायावर पडत होतं. म्हातारी सुपावरून मान वर करून बघत होती.

“माह्या भावाला तोडायला जायलेत,” ती ओठ न हलवता म्हणाली. “माहा फोन फोडला रात्री. मोटारसायकल माणसं घेऊन गेलेत. ही गाडी तेवढी ऱ्हायली.”

“तू काढलंस?”

“जोडू नका.”

एवढंच म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

मी परत बॉनेटखाली वाकले. आता सांगायला सोपं वाटतं, तेव्हा डोक्यात नुसता गोंधळ होता. प्लग नुसता काढलेला सापडला तर तो कुणी काढला, हे विचारायची गरज पडणार नव्हती. आखाड्यावर नवरा-बायको आणि म्हातारी सोडून कुणी नव्हतंच. आणि डिझेलचा पंप गेलाय म्हणून नुसतं सांगितलं तर तो दुसरा मिस्त्री बोलवणार होता. मी खिशातली पक्कड काढली, प्लगच्या अगदी तोंडाशी वायरी पकडल्या आणि कापल्या. दातात धरून कुरतडल्यासारख्या दिसाव्यात म्हणून पकडीनंच टोकं चेंगरली. प्लग खिशात टाकला. आयुष्यभर मी वायरी जोडत आले होते. कापताना हात जड झाला होता, पण चुकला नाही.

मुकादम आला.

“उंदीर लागलाय,” मी म्हणाले. “सेन्सरची वायर प्लगासकट खाऊन टाकली. नवा प्लग परभणीहून आणावा लागेल. आज काही होत नाही.”

“वायरच हाय ना? पिळ घालून जोड.”

“प्लगच नाही तर कशाला जोडू?”

मला बाजूला सारून त्यानं मोबाइलचा उजेड आत मारला. बराच वेळ बघत होता. मी स्कॅनरची केबल गोळा करायला दाराकडं गेले, प्लग खाचेतून काढला. मागून तो शांतपणे म्हणाला,

“तांबं चमकायलंय, ताई.”

मी वळले.

“उंदरानं खाल्लेलं मी बघितलंय. ट्रॅक्टरचं समदं वायरिंग खाल्लं व्हतं एक साली. काळं पडतंय ते. लेंड्या असतात. हे आताच्या आता तोडलंय.” त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मग पँटच्या खिशाकडं. “खिसा दाव.”

“मुकादम, मी कामाला आलेय.”

त्यानं माझ्या हातातून स्कॅनर हिसकला आणि हौदाच्या दगडावर आपटला. पहिल्या आपटीत पडदा फुटला. दुसरीत कव्हरातून सगळं बाहेर आलं. केबल त्याच्या हातात राहिली. ती त्यानं मनगटाला गुंडाळली. काय होणार ते मला कळलं, तरी मी हात वर करायच्या आत केबल आली. टोकाचा प्लग भुवईवर बसला. डोळ्यासमोर पांढरं झालं आणि लगेच गरम काहीतरी डोळ्यात उतरलं. दुसरा फटका मानेवर. तिसरा मी हातावर झेलला. मी गाडीच्या मागच्या चाकापाशी बसले होते. केव्हा बसले ते आठवत नाही.

“कुणी सांगितलं तुला? कुणी सांगितलं वायर तोडायला? बोल.”

“मीच.”

हा आवाज माझा नव्हता. ती ओट्यावरून खाली उतरली होती. परातीपुढून उठून आल्यासारखे तिचे दोन्ही हात पिठानं भरले होते.

“प्लग म्या काढला. तिला म्हाईत पण नव्हतं. मला मारायचं तर मार, तिला सोड.”

मुकादमानं केबल टाकून दिली. तो तिच्याकडं धावला नाही, चालत गेला. केस धरून त्यानं तिला अंगणभर ओढत आणलं आणि तिचं तोंड गाडीच्या बॉनेटवर आपटलं. जिथं त्यानं खड्डे पाडले होते तिथंच. ती ओरडली नाही. त्यानं परत आपटलं. ती म्हणत होती, “पाथरीला न्हाई जाऊ देणार. मार. पण पाथरीला न्हाई जाऊ देणार.” तिच्या तोंडातून लाल थुंकी बॉनेटवरून खाली ओघळत होती.

टायर बदलायच्या सामानाची पिशवी गाडीच्या मागच्या चाकापाशीच पडली होती, सकाळी त्यानंच रागानं सगळं बाहेर फेकलं होतं. त्यातला व्हील पाना माझ्या हाताशी आला. मी उभी राहिले. एका डोळ्यानं दिसत नव्हतं. मी त्याच्या मागून गेले नाही, बाजूनं गेले. त्यानं मला बघितलंही. तिच्या केसातला उजवा हात त्यानं सोडला आणि माझ्यावर उगारला. मी त्या उगारलेल्या हातावर दोन्ही हातांनी पाना मारला.

हाड मोडल्याचा आवाज वेगळा असतो. बोल्ट तुटतो तेव्हा असाच एक कोरडा आवाज येतो आणि हातातलं वजन एकदम जातं. त्याचा हात कोपराच्या खाली भलत्याच ठिकाणी वाकला. तो गुडघ्यावर बसला आणि आईला हाक मारली. “आये,” म्हणाला. लहान पोरासारखा.

मी पाना परत वर नेला. मला थांबायचं नव्हतं. माझ्या पोटात एक गरम, चांगलं काहीतरी पसरलं होतं आणि ते मला अजून हवं होतं. त्याची मान तिथं समोर होती.

कुणीतरी माझं मनगट धरलं. म्हातारी. मूग अंगणभर सांडले होते. एवढ्या वाळक्या हातात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

“पुरे,” ती म्हणाली. “एक हात मोडला, बास झालं. जावा आता. तो उठायच्या आत जावा.”

“मावशी, तुमी...”

“जा म्हणते ना! हिला घेऊन जा.”

मी सुनेला उठवलं. तिचा एक दात बॉनेटवर राहिला होता. तिला स्कूटीवर मागं बसवलं, तिनं माझ्या कमरेला मिठी मारली. कच्च्या रस्त्यावर स्कूटी हिसके खात होती. माझ्या डोळ्यात रक्त होतं आणि मी एका हातानं पुसत चालवत होते. मागं तिचं तोंड माझ्या पाठीवर होतं, आणि पाठ ओली होत होती. सोयाबीन काढणारी माणसं उभी राहून बघत होती.

सरकारी दवाखान्यात माझ्या भुवईला टाके पडले. तिच्या जबड्याला पट्टी बांधली. वडील आले, माझ्याकडं बघितलं आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. नवऱ्यानं ड्यूटी अर्ध्यावर टाकली, कंडक्टरच्या खाकीतच धावत आला. तो मला म्हणाला, “तुला काय गरज होती?” मग माझा चेहरा नीट बघून म्हणाला, “बरं. बरं. पाणी पी.”

पोलीस ठाण्यातल्या बाई आल्या, त्यांनी जबाब घेतला. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, म्हणून त्या पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या. “मशीनवर नेमकं काय दिसलं?”

“शून्य.”

“म्हणजे मशीन बिघडली होती?”

“मशीन चांगली होती. इंजिन फिरत होतं, पण ते कॉम्प्युटरला कळत नव्हतं.”

“आणि ते तुम्ही त्यांना सांगितलं नाही.”

“नाही.”

त्यांनी लिहून घेतलं. मुकादमाचीही तक्रार आली होती, माझ्याविरुद्ध. हात मोडल्याची आणि गाडीचं नुकसान केल्याची. बॉनेटवरचे खड्डेही माझ्याच नावावर घातले होते.

दुपार टळताना तिचा भाऊ आला. एकटा नाही, पाथरीहून जीप भरून माणसं आणली होती. जीपच्या टपावर काठ्या होत्या आणि कुणाच्या तरी हातात सायकलची साखळी. बहिणीचं तोंड बघितल्यावर त्यानं दवाखान्याच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मग वळला.

“चला रे. जित्ता ठेवत न्हाई.”

ती खाटेवरून उठली. उठायला तिला वेळ लागला. पट्टीमुळं तोंड उघडत नव्हतं. ती भावापर्यंत गेली आणि सगळ्यांसमोर तिनं त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर. भाऊ तिच्यापेक्षा वीतभर उंच होता, नुसता उभा राहिला.

“म्या गाडी बंद पाडली,” ती दातांमधून बोलत होती, शब्द फुटत होते. “एक दात घालवला. या ताईचं डोकं फुटलं. कशासाठी? तू जाऊन तोडायचं, मंग तू जेलात, अन् मी परत कुणाच्या दारात? तुही जीप बी बंद पाडू का? पाडू? मला येतंय आता.”

जीपमधल्या एकानं साखळी हळूच सीटखाली सरकवली. भावाच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. तो मटकन तिथंच फरशीवर बसला आणि ती खाटेवर परत गेली. मला वाटलं ती रडेल. ती झोपली. संध्याकाळपर्यंत झोपली होती, पलीकडं माणसं ओरडत होती तरी.

त्यानंतरचं सगळं लांबलं. तारखा पडल्या, दोन्ही बाजूंचे लोक समजूत घालायला आले. मुकादम हाताला प्लास्टर घालून टोळ्या घेऊन गेला. ठाण्यात आम्हाला समोरासमोर बसवलं तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, बायकोकडंही नाही. टेबलाकडं बघून एकदाच म्हणाला, “आईनं जाऊ दिलं यांला.” त्याला बाकीच्या कशाहीपेक्षा तेच लागलं होतं, असं मला वाटलं.

माझ्याबद्दल बोलायचं तर भुवई भरली, व्रण राहिला. नवा स्कॅनर घ्यायला वेळ लागला. तोवर वडील परत कानानं इंजिन ऐकायला लागले आणि खूश होते. गिऱ्हाइकं माझ्याशी जपून बोलायला लागली. टपरीवर लोक हसत सांगायचे, ताईच्या नादी लागू नका, हात मोडती. मीही हसायचे. पण कधी भाकरी थापताना, कधी टायर खोलताना तो कोरडा आवाज हातात परत यायचा, आणि त्यासोबत ते पोटातलं गरम. मी नवऱ्याला सांगितलं की म्हातारीनं मनगट धरलं नसतं तर मी दुसरा घाव घातला असता, आणि तो हातावर बसला नसता. तो तिकिटांचा हिशोब जुळवत होता. तो थांबला. “मग धरलं ते बरं झालं,” म्हणाला. मला वाटलं होतं तो म्हणेल, तू असं करणारी नाहीस. तो तसं म्हणाला नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

उन्हाळ्यात एक दिवस म्हातारी गॅरेजवर आली. अनवाणी, उन्हाचं. मी ओळखलंच नाही आधी. वडिलांनी तिला बाकड्यावर बसवून पाणी दिलं.

“पाथरीला नेतीस का मला?” ती म्हणाली. “सुनंकडं.”

“तुमचा मुलगा आला का परत?”

“आला.” तिनं पदर जरा सरकवला. पाठीवर काळेनिळे वळ होते, काही जुने, काही ताजे. “एका हातानं बी येतंय त्याला. तुमाला जाऊ दिलं म्हणून.”

मी तिला स्कूटीवर बसवून पाथरीला नेलं. दुकानात सून गल्ल्यावर बसली होती, नवा दात बसवला होता. सासूला दारात बघून ती उभी राहिली.

“कशाला आलाव?”

म्हातारी दारातच थांबली. सून मोठ्यानं बोलायला लागली, रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. नवऱ्यानं तिचा हात तव्यावर दाबून धरला होता तेव्हा ही म्हातारी पलीकडं भाजी चिरत बसली होती, ते तिनं सगळ्या रस्त्याला सांगितलं. आजारपणात उपाशी ठेवलं ते सांगितलं. “एक दिवस तरी म्हणालाव का, पुरे? त्या दिवशी म्हणालाव. तेबी त्याचा हात मोडल्यावर. माह्यासाठी न्हाई.”

“व्हय,” म्हातारी म्हणाली.

“मंग आता का आलाव?”

म्हातारीचा पदर घसरला होता आणि पाठ दिसत होती. भाऊ खोक्यांच्या मागून उठून आला, त्यानं ते बघितलं, बहिणीकडं बघितलं, आणि परत खोक्यांमागं जाऊन बसला. मी मधे पडले नाही. दोघींना मी काय सांगणार होते?

सुनेनं फळीवरून एक खोकं ओढलं. झाकण फेकून आतल्या चपला काढल्या आणि सासूच्या पायाशी आपटल्या. धूळ उडाली.

“घाला. पाय भाजायलेत.”

म्हातारी खाली बसली आणि चपला घातल्या. लहान होत्या. टाचा मागून बाहेर राहत होत्या. ती तशीच बसून राहिली, दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या वाटेत. आणि सूनही तिला ऊठ म्हणाली नाही.